कस्टम केलेली जुनी एअर-कूल्ड डिलिव्हरी व्हॅन घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अशी व्हॅन विक्रीला निघाली की फोटोंत आधी दिसतो तो झगमगता रंग, जमिनीला टेकलेली बॉडी आणि चकचकीत इंजिन. हे सगळं मन लावून केलेलं असू शकतं आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण या गाड्यांमध्ये इंजिन काही तासांत उतरवून बदलता येतं, पत्रा मात्र तसा बदलता येत नाही. पुढची बरीचशी उत्तरं या एकाच गोष्टीभोवती फिरतात.

एअर-कूल्ड डिलिव्हरी व्हॅन म्हणजे नेमकी कुठली गाडी?

एअर-कूल्ड म्हणजे जिचं इंजिन पाण्याऐवजी हवेने थंड होतं ती. बहुतेक वेळा ती असते फोक्सवॅगन टाइप २ ची पॅनेल व्हॅन. मागे इंजिन, पुढे चालक, मधे माल आणि बाजूला खिडक्या नाहीत. फोक्सवॅगनचे डच वितरक बेन पॉन यांनी वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात बीटलच्या सांगाड्यावर बनवलेली माल वाहायची उघडी गाडी पाहिली. २३ एप्रिल १९४७ रोजी त्यांनी वहीत डब्यासारख्या एका व्हॅनचं साधं रेखाटन केलं आणि त्यातूनच ही गाडी जन्माला आली. मार्च १९५० मध्ये उत्पादन सुरू झालं, १९५६ मध्ये ते हॅनोव्हरच्या नव्या कारखान्यात हलवलं गेलं. माणसं नेणारी किंवा कॅम्पर ही रूपं आज जास्त प्रसिद्ध आहेत, पण मूळ कल्पना माल वाहण्याचीच होती.

दोन भागांची काच असलेली पहिली पिढी जर्मनीत १९६७ पर्यंत बनली. एकसंध वाकदार काचेची दुसरी पिढी १९६७ ते १९७९ या काळातली. तिसऱ्या पिढीतही सुरुवातीची काही वर्षं एअर-कूल्ड इंजिन होतं. ब्राझीलमध्ये ही व्हॅन २०१३ पर्यंत बनत राहिली आणि तिथे एअर-कूल्ड इंजिन २००५ च्या अखेरीपर्यंत टिकलं. त्यामुळे ‘जुनी’ दिसणारी प्रत्येक गाडी जुनी असतेच असं नाही.

या जातीत इतरही गाड्या आहेत. सिट्रोएन २सीव्हीची दोन सिलिंडरची छोटी फुर्गोनेट १९५१ मध्ये आली. शेवरोले कॉरव्हेअरच्या सहा सिलिंडरच्या इंजिनवरची कॉरव्हॅन १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची. जर्मन टपालखात्यासाठी बनलेली फोक्सवॅगनची ‘फ्रिडोलिन’ही इथलीच. प्रत्येकीची दुखणी वेगळी आहेत, म्हणून इथे टाइप २ धरूनच बोलू.

पॅनेल व्हॅनला कॅम्परपेक्षा वेगळा मान का?

कारण या गाड्या राबल्या. बेकरी, रंगारी, प्लंबर, फुलवाले यांनी त्या वापरून संपवल्या आणि भंगारात घातल्या. ज्या उरल्या त्यांतल्या कित्येकींचे पत्रे कापून खिडक्या बसवल्या गेल्या आणि त्या कॅम्पर झाल्या. कारखान्यातून आल्या तशा सपाट, अखंड बाजू असलेली व्हॅन म्हणूनच सहज सापडत नाही. रंगकाम करणाऱ्यासाठी ती मोठी सलग जागा असते, त्यामुळे कस्टम बनवणारेही हीच गाडी शोधतात.

ती मुळातली पॅनेल व्हॅन आहे की खिडक्या बुजवलेली दुसरी गाडी, हे कसं ओळखायचं?

ऑगस्ट १९६४ नंतरच्या गाड्यांत चेसिस नंबरचे पहिले दोन आकडे प्रकार सांगतात. २१ म्हणजे पॅनेल व्हॅन, २३ म्हणजे खिडक्या असलेली कोंबी. तिसरा आकडा मॉडेल वर्षाचा. म्हणजे पहिल्या पिढीत २१७ ने सुरू होणारा नंबर १९६७ च्या मॉडेलच्या पॅनेल व्हॅनचा. मॉडेल वर्ष आदल्या ऑगस्टपासून सुरू होतं, हेही लक्षात ठेवा. १९६६ च्या शेवटी बनलेली गाडी कागदोपत्री १९६७ ची असू शकते.

नंबर इंजिनच्या कप्प्यात पत्र्यावर ठोकलेला असतो. तो आजूबाजूच्या पत्र्यासकट कापून दुसऱ्या गाडीवर जोडलेला नाही ना, हे बोट फिरवून पाहा. बऱ्याच गाड्यांत एक छोटी पट्टीही असते, तिच्यावर मूळ रंग, बनावटीचा प्रकार आणि कारखान्यात बसवलेल्या जादा गोष्टींचे संकेत असतात. दुसऱ्या पिढीत ती पुढच्या सीटच्या मागे सापडते. पट्टी आणि गाडी एकमेकांशी जुळत असतील तर विक्रेत्याच्या बोलण्याला भक्कम आधार मिळतो. फोक्सवॅगनकडे जुन्या गाड्यांच्या उत्पादनाच्या नोंदी आहेत आणि त्यावरून गाडीचा जन्मदाखलाही काढून घेता येतो.

मग आतून बाजूचा पत्रा बघा. लायनिंग लावलेलं असेल तर एक तरी फळी उघडून दाखवायला सांगा. खिडकीच्या आकाराची वेल्डिंगची रेघ आतल्या बाजूला लपवणं फार कठीण असतं.

‘कस्टम’ केलेली आहे म्हणजे किंमत वाढते की कमी होते?

सरसकट उत्तर नाही. मी एकच कसोटी लावतो: केलेला बदल परत काढता येतो का? चाकं, सीट, स्टिअरिंग, कार्ब्युरेटर, सायलेन्सर, आतलं लाकूडकाम हे सगळं उद्या उतरवता येतं. मूळ भाग जपून ठेवलेले असतील आणि गाडीसोबत मिळत असतील तर असा बदल गाडीचं काहीच बिघडवत नाही. उलट छताचा पत्रा कापून काढणं, चेसिसच्या पट्ट्यांना खाचा पाडणं, विक्रीसाठी बाजूच्या पत्र्यात मोठी खिडकी कापणं, दोन गाड्या कापून एक करणं हे कायमचं असतं. तेही सुरेख होऊ शकतं, पण मग घेणारा त्याच रूपाच्या प्रेमात असायला हवा, कारण मागे फिरायचा रस्ता उरलेला नसतो.

दुसरी गोष्ट कागदांची. कामाचे फोटो हवेत, आणि तेही रंग दिल्यानंतरचे नाहीत, पत्रा उघडा होता तेव्हाचे. ज्याने काम मनापासून केलं असेल त्याच्याकडे असे फोटो ढिगाने असतात आणि ते दाखवताना त्याला आनंदच होतो.

गंज कुठे शोधायचा?

गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा. हे टाळणाऱ्या विक्रेत्याकडून घाईने घेऊ नका.

सर्वांत महत्त्वाच्या जागा खाली असतात. दारांखालचे सिल बाहेरचा, मधला आणि आतला अशा पत्र्यांच्या थरांनी बनलेले असतात. बाहेरचा नवा लावून आतले सडके तसेच ठेवणं ही जुनी युक्ती आहे. टॉर्च घेऊन खालून आत पाहा. जॅक लावायच्या जागा, चेसिसपासून बाजूला जाणारे आधार, पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्या, मागच्या चाकांवरच्या कमानी आणि इंजिनच्या कप्प्यातलं बॅटरीचं तळ या सगळ्यांवर हात ठेवून बघा. बॅटरीतलं आम्ल तो पत्रा वर्षानुवर्षं खात असतं.

वर छताच्या कडेची पन्हळ पाहा. तिथे पाणी साचतं आणि रंगाखाली फुगे येतात. पुढच्या काचेच्या रबराखालची चौकट आणि समोरच्या पॅनेलचा तळ हेही नेहमीचेच. पॅनेल व्हॅनमध्ये मालाच्या जागेचा तळ वेगळा तपासावा लागतो. जड पेट्या ओढून तो वाकलेला असतो, वरून प्लायवूड टाकलं की झाकला जातो आणि खाली ओल धरते.

बाजूच्या मोठ्या सपाट पत्र्यावर कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथे पकड सैल होते तिथे खाली पुट्टी आहे. थोडी पुट्टी सगळ्याच जुन्या गाड्यांत असते, त्यात गैर काही नाही. पण बोटभर जाडीची पुट्टी कधीतरी तडकणारच. तिरप्या उजेडात बाजूने नजर टाका, मोठ्या पत्र्यावरच्या लाटा तिथे स्पष्ट दिसतात.

इंजिन चांगलं आहे हे कसं कळेल?

आधी सांगून ठेवा की गाडी तुम्ही येईपर्यंत सुरू करू नये. गरम इंजिन बरंच काही लपवतं. थंड असतानाच मागच्या पुलीला दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ढकला. जाणवण्याइतका खटका लागला तर क्रँकशाफ्टचा प्ले, म्हणजे सैलपणा, वाढलेला आहे. नव्याने बांधलेल्या इंजिनात तो ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर असतो आणि ०.१५ च्या पुढे गेला की इंजिन खोलायची वेळ आली असं समजा. हाताला स्पष्ट कळेल इतका प्ले म्हणजे मर्यादा केव्हाच ओलांडलेली.

मग सेल्फ मारा. ऑइलचा दिवा लगेच विझायला हवा. गाडी चांगली तापल्यावर आयडलवर तो किंचित लुकलुकला तर ऑइल बदलून आणि योग्य ग्रेड घालून पुन्हा बघता येईल. पण सतत जळत असेल तर बेअरिंग झिजलेले आहेत. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये जवळपास सारखं असावं. एकाचंच कमी निघालं तर तो बहुधा तिसरा असतो.

तिसराच का? जुन्या रचनेत ऑइल कूलर पंख्याच्या आवरणात उभा असतो आणि तिसऱ्या सिलिंडरकडे जाणारी हवा त्याच्यावरून तापून जाते. त्यामुळे त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आधी थकतो. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाहेर काढून त्याला स्वतंत्र वाट दिली गेली. जुन्या गाडीवर ही नंतरची रचना बसवलेली असेल तर तो शहाणपणाचा बदल समजा.

इंजिनाभोवतीचे पत्रे आणि कडेचं रबर यांकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि मला याचं नेहमी वाईट वाटतं. ते शोभेसाठी नाहीत. वरची थंड हवा आणि खालची गरम हवा वेगळी ठेवणं हे त्यांचं काम. कस्टम गाड्यांत इंजिन उठून दिसावं म्हणून काही पत्रे काढून टाकलेले असतात किंवा नीट न बसणारे क्रोमचे लावलेले असतात. मग पंखा खालचीच तापलेली हवा परत ओढतो. प्रत्येक पत्रा जागेवर आहे आणि रबर सलग आहे, हे मोजून बघा.

तेल गळतंय. घेऊ नये का?

पुशरॉडच्या नळ्यांच्या सीलमधून थोडं पाझरणं सामान्य आहे आणि दुरुस्त होतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून गळत असेल तर इंजिन उतरवावं लागेल. तेवढं भावात धरा.

पंख्याचा पट्टा तुटला तर काय होतं?

डायनॅमो आणि पंखा एकाच पट्ट्यावर चालतात. चार्जिंगचा लाल दिवा लागला तर तो बॅटरीचा प्रश्न समजून पुढे जाऊ नका, ताबडतोब थांबा. थंडावणारी हवाच बंद झालेली असू शकते. जादा पट्टा आणि तो बदलायची हत्यारं गाडीत कायम असावीत.

जाहिरातीत १७७६ किंवा १९१५ सीसी लिहिलंय. ते काय?

मूळ १६०० च्या इंजिनात ८५.५ मिलिमीटरचे पिस्टन आणि ६९ चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या ये-जाचं अंतर, असतो. पिस्टन ९०.५ चे घातले की १७७६ सीसी होतात, ९४ चे घातले की १९१५. वजनदार व्हॅनसाठी ही वाढ मोहाची आहे. पहिल्या गाडीत ११३१ सीसीचं २५ अश्वशक्तीचं इंजिन होतं आणि १९६० च्या दशकाच्या मध्याला १५०० सीसीपर्यंत येऊनही ताकद ४४ च्या आसपासच होती.

पण ताकद वाढते तशी उष्णताही वाढते आणि हवेने थंड होण्याला मर्यादा आहे. असं इंजिन असेल तर कोणी बांधलं, इंजिनाची केस (बाहेरचं कवच) मोठ्या सिलिंडरसाठी मशीन केली का, जादा ऑइल कूलर आणि ऑइल फिल्टर आहे का, तापमान दाखवणारा काटा आहे का, हे विचारा. मूळ १६०० च्या इंजिनात फक्त जाळी असते, खरा फिल्टर नसतो. माझं मत विचाराल तर माल किंवा माणसं घेऊन लांब जायचं असेल तर नीट बांधलेलं साधं १६०० हे घाईत बांधलेल्या मोठ्या इंजिनापेक्षा कितीतरी चांगलं. दुसऱ्या पिढीत १९७० च्या दशकात आलेली १.७, १.८ आणि २.० लिटरची टाइप ४ इंजिनं ओढायला दमदार आहेत आणि त्यांना फिल्टरही आहे, मात्र त्यांचे भाग महाग पडतात.

गाडी खूप खाली बसवलेली आहे. चालवायला त्रास होईल का?

ते कसं खाली बसवलंय यावर अवलंबून आहे. पुढे बदललेले स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो भाग) वापरले असतील तर सस्पेन्शनची मूळ हालचाल बरीचशी टिकते. फक्त टॉर्शन पाटे (पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या पट्ट्या) फिरवून किंवा काढून खाली आणलं असेल तर गाडी धक्के खाते. मागे पहिल्या पिढीत चाकांजवळ वेगळे रिडक्शन गिअर असतात. ते काढून सरळ अॅक्सल बसवणं हा नेहमीचा बदल. त्यामुळे गाडी खाली येते आणि गिअरचं प्रमाणही बदलतं. वेगात ती शांत पळते, पण भरलेली असताना चढावर धापा टाकते. गिअरबॉक्समध्ये त्यासाठी काय बदललं, हे जरूर विचारा.

टायरच्या आतल्या कडा बघा. तिथेच झीज असेल तर चाकं आत झुकलेली आहेत. टायरची भारक्षमताही वाचा, कारण रुंदी आणि रूप बघून मोटारीचे टायर चढवलेले असतात आणि ते मालवाहू गाडीला पुरत नाहीत. चाकांचे बोल्ट १९७० च्या मध्यापर्यंत २०५ मिलिमीटरच्या वर्तुळावर होते, नंतर ११२ च्या. मधे अडॅप्टर लावले असतील तर ते घट्ट आणि दर्जेदार आहेत का, हे बघायला चाक काढायलाच हवं.

ब्रेक आणि वायरिंगमध्ये कुठले बदल चांगले?

पुढचे डिस्क ब्रेक कारखान्याने ऑगस्ट १९७० पासून दिले. त्याआधीच्या गाडीवर ते बसवलेले असतील, शिवाय दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर असेल, तर मूळपणाचा हट्ट न धरता मी ते आनंदाने स्वीकारेन. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत वीज ६ व्होल्टची होती. १२ व्होल्टचं रूपांतर नीट केलेलं असेल तर दिवे आणि सेल्फ दोन्ही सुधारतात. फ्यूजपेटीमागे हात घातल्यावर चिकटपट्टीचा गुंता लागला तर मात्र पूर्ण नवं वायरिंग हिशेबात धरा.

पेट्रोल आणि आगीबद्दल इतकं का बोललं जातं?

कारण या गाड्या खरोखर जळतात. पेट्रोलच्या रबरी नळ्या गरम इंजिनाजवळून जातात, जुन्या झाल्या की तडकतात आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुनं रबर आणखी लवकर खातं. इंजिनाची केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते, एकदा पेटली की विझवणं फार अवघड. गाडी घेतल्यावर सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारच्या घाला, क्लिप नव्या लावा आणि अग्निशामक हाताशी ठेवा. शिसेविरहित पेट्रोल चालतं का, असंही विचारतात. चालतं, हेडमध्ये पोलादी व्हॉल्व्ह सीट बसवलेल्या असतात.

हीटर चालतो असं म्हणतात. बघायचं काय?

गरम हवा एक्झॉस्टभोवतीच्या आवरणातून केबिनमध्ये येते. ते आवरण किंवा आतला पाइप गंजून फुटला तर विषारी वायू आत येतो. हीटर सुरू करून वास घ्या, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो म्हणून खालूनही तपासा.

बाजूवर जुन्या दुकानाचं नाव रंगवलंय. ते खरं आहे का?

मूळ व्यवसायाचं हाताने रंगवलेलं नाव टिकून असेल तर ते गाडीचं मोठं वैभव आहे, कृपा करून त्यावर रंग मारू नका. पण आज नव्याने रंगवून, घासून जुनं दाखवलेलं कामही खूप असतं. खऱ्या झिजेत पाणी वाहतं, हात लागतो, दार आपटतं तिथेच रंग गेलेला दिसतो. सगळीकडे सारखीच झीज असेल तर ती केलेली आहे. कलाकाराने नव्याने केलेलं काम विक्रेत्याने तसंच सांगितलं तर त्यात काहीच वावगं नाही. एखाद्या चालू कंपनीचं बोधचिन्ह असेल आणि गाडी तुमच्या धंद्यासाठी वापरायची असेल, तर त्या चिन्हाच्या हक्काचा विचार करावा लागेल.

कॉफी किंवा खाद्यपदार्थ विकायला ती वापरता येईल का?

येते, आणि लोक तिच्याभोवती जमतातही. पण वजनाचा हिशेब आधी करा. सुरुवातीच्या गाडीची भारक्षमता साधारण पाऊण टन होती, नंतरच्या काही एक टनाच्या आल्या. पाण्याच्या टाक्या, फ्रिज, ओटा आणि दोन माणसं यांत ती पटकन संपते. जड वस्तू दोन्ही अॅक्सलच्या मधे, खाली ठेवा. मागच्या इंजिनावरच्या भागात नको, तिथे आधीच वजन आहे आणि उष्णताही. गॅसची टाकी तिथे कधीही नको.

उंच छताची पॅनेल व्हॅन कारखान्यानेच १९६१ पासून दिली होती, तशी मिळाली तर आत उभं राहता येतं आणि छत कापावं लागत नाही. विक्रीची खिडकी कापायचीच असेल तर आधीच कापलेली, चौकट भक्कम केलेली गाडी शोधा. अखंड बाजूची व्हॅन यासाठी कापू नये असं मला कळकळीने वाटतं.

रोज चालवता येईल का?

निगा राखायची तयारी असेल तर हो. दर ५००० किलोमीटरला ऑइल बदला, ते अडीच लिटरच लागतं. टॅपेट इंजिन पूर्ण थंड असताना सेट करायचे, १६०० ला साधारणपणे ०.१५ मिलिमीटर. पॉइंट आणि टायमिंग बघा, पहिल्या पिढीत पुढच्या किंगपिनला ग्रीस द्या. उंच, सपाट बाजूंमुळे वारा गाडीला ढकलतो, म्हणून मोकळ्या रस्त्यावर दोन्ही हात स्टिअरिंगवर असू द्या आणि पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवा.

कागदपत्रांत काय अडतं?

चेसिस नंबर कागदाशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. इंजिन बदललेलं असेल तर नव्या इंजिनाची नोंद झाली आहे का, तेही बघा. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाच्या, म्हणजे फिव्हाच्या, व्याख्येत किमान ३० वर्षं जुनी आणि मूळ रूपाला धरून जपलेली गाडी बसते. खूप बदललेल्या गाडीला अशी मान्यता मिळणं अवघड. विमा घेताना बाजारभावावर न ठेवता आधीच ठरवलेल्या रकमेवर घ्या, नाहीतर कस्टम कामाची किंमत कुणी धरत नाही.

विजेवर रूपांतर केलेली घ्यावी का?

२०२० मध्ये फोक्सवॅगननेच ई-क्लासिक्स या कंपनीसोबत पहिल्या पिढीची एक गाडी विजेवर करून दाखवली होती. काम नीट असेल तर शांत आणि सोपी गाडी मिळते. पण तुम्हाला पंख्याचा तो घरघराट हवा असेल तर विचार करा, आणि मूळ इंजिन व गिअरबॉक्स गाडीसोबतच मागून घ्या.

घेतली. आता घरी कशी न्यायची?

फार खाली बसवलेली गाडी साध्या ट्रेलरच्या उतारावर पोटाने टेकते. लांब उतार असलेला किंवा मागचा भाग पूर्ण खाली झुकणारा ट्रेलर मागवा आणि पट्टे चाकांना बांधा, बॉडीला किंवा पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्यांना नको. चालवतच नेणार असाल तर नळ्या, पट्टा, ऑइल आणि ब्रेकचं द्रव विक्रेत्याच्याच दारात बघून घ्या. पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर थांबा, मागचं झाकण उघडा, पेट्रोलचा वास येतोय का ते पाहा, चाकांचे बोल्ट पुन्हा आवळा आणि मगच पुढे निघा.